परिषदेतला पाखंडी

सम्राट अशोक स्वतःच्या पंथाला 'पासंड' म्हणत असे. गिरनारच्या शिळेवरच्या बाराव्या आज्ञेत 'आत्पपासंड' आणि 'परपासंड' अशी जोडी येते : आपला पासंड आणि दुसऱ्याचा पासंड. सांगणं असं की, आपल्याची वाहवा आणि दुसऱ्याची निंदा ऊठसूट करू नका. भक्तीच्या भरात जो हे करतो तो शेवटी आपल्याच पासंडाचं नुकसान करतो. काळ ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाचा. शब्दात राग नाही, तुच्छता नाही. पासंड म्हणजे पंथ, एका मताने चालणारी मंडळी.

हाच शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो आजीच्या तोंडून. नैवेद्य दाखवायच्या आत ताटातला एक मोदक मी लंपास केला होता. "पाखंडी मेला!" आजी कडाडली. गुन्हा मोदकाचा आणि आरोप धर्मद्रोहाचा! पुढे कॉलेजात असताना गिरनारच्या लेखाचं भाषांतर हाती आलं, तेव्हा आजीच्या शिवीत आणि सम्राटाच्या आज्ञेत एकच शब्द आहे हे पाहून मी चक्रावलो. सव्वादोन हजार वर्षांत असं काय घडलं, की 'पंथ'चा 'पाखंड' व्हावा?

आधी अशोकाचाच हिशेब पुरा करू. दिल्ली-टोपरा स्तंभावरच्या सातव्या आज्ञेत त्याने धर्ममहामात्र नावाच्या अधिकाऱ्यांची कामं सांगितली आहेत. त्यांनी सगळ्या पासंडांची वास्तपुस्त करायची. उदाहरणादाखल नावं आहेत ती संघाची, ब्राह्मणांची, आजीवकांची आणि निर्ग्रंथांची, म्हणजे जैनांची. सरकारी दप्तरात हे सगळे एकाच रकान्यात. ब्राह्मणही पासंड, बौद्धही पासंड. अमुक खरा आणि तमुक खोटा, अशी छाननी करायला हा रकाना नव्हताच.

शब्द आला कुठून? शाहबाजगढीच्या खरोष्ठी लेखात त्याचं रूप 'प्रषंड' असं आहे. त्या 'प्र'मधला रकार मोलाचा. वायव्येच्या त्या बोलीत जुने रकार बरेच टिकून राहिले, बाकी ठिकाणी ते गळाले. त्या रकाराचा माग काढत अभ्यासक 'पर्षद्'पर्यंत, म्हणजे आपल्या 'परिषदे'पर्यंत पोचतात. हा तर्क मला पटतो. पर्षद म्हणजे एकत्र बसलेली मंडळी. तिच्यातले ते पार्षद. त्यांचा गट तो पासंड. म्हणजे जिल्हा परिषद, साहित्य परिषद आणि पाखंड हे एका कुळातले निघतात. (साहित्य परिषदेच्या निवडणुका जवळून पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.)

जुन्या पंडितांना मात्र हा शब्द इतक्या निरागस कुळातला असणं सोसणारं नव्हतं. त्यांनी त्याची वेगळीच फोड केली : 'पा' म्हणजे पालन करणारा वेदधर्म, आणि त्याचं खंडन करतो तो पाखंड. ही व्युत्पत्ती साफ रचलेली आहे, कारण तिच्यातला 'ख' मुळात नाहीच. मूळ अक्षर 'ष'. उत्तरेत 'ष'चा उच्चार 'ख' होई; भाषेची भाखा झाली, वर्षेची बरखा झाली, तसंच पाषंडाचं पाखंड. आधी उच्चार बदलला, मग बदललेल्या उच्चारातून अर्थ काढला. पण खोट्या व्युत्पत्तीही कामाला लागतात. मराठी कानाला पाखंड आणि खंडन यांचं यमक असं चिकटलं, की तुकोबांच्या अभंगातही पाखंड ही खंडण्याचीच वस्तू आहे.

खरा फेरा आला तो अशोकानंतरच्या काही शतकांत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाने कोणाचा नुसत्या शब्दानेही आदर करू नये याची यादी आहे, आणि तिच्यात पहिलं नाव पाषंड्यांचं. नवव्या अध्यायात तर राजाने त्यांना जुगाऱ्यांच्या बरोबरीने नगराबाहेर घालवावं असं सांगितलं आहे. अशोक म्हणतो, परक्या पासंडाचाही मान राखा. मनुस्मृती म्हणते, बोलूनसुद्धा राखू नका. चौथ्या अध्यायातल्या त्या यादीत पाषंड्यांचे शेजारी कोण आहेत तेही पाहण्यासारखं आहे : मांजरासारखं व्रत करणारे, बगळ्याच्या वृत्तीचे, शठ. म्हणजे ढोंगी. शब्दांनाही संगत बाधते. वेगळ्या मताचा माणूस ढोंग्यांच्या पंगतीला बसवला, की हळूहळू तोही ढोंगी ठरतो. हिंदीत आज पाखंड म्हणजे मुख्यतः ढोंगच. मराठीत पाखंडी हा अजून धर्म न मानणारा, देवाधर्माची टर उडवणारा. पण बकध्यान लावणाऱ्या बुवालाही आपण आताशा पाखंडी म्हणू लागलो आहोत. दोन्ही अर्थ एकमेकांच्या अगदी उलट. एक मनात आहे ते उघड बोलतो, दुसरा मनात नाही ते मिरवतो.

याचं सगळं खापर मनूवर फोडून मोकळं होता येणार नाही. पाली ग्रंथांत बौद्ध भिक्षुणींच्या तोंडीही पासंड येतात ते 'आपल्या बाहेरचे', चुकीच्या मताला कवटाळून बसलेले असे. 'आत्पपासंड' हा शब्द दोन्हीकडे लोपला आणि 'परपासंड' तेवढा उरला. शेजारचा पंथ पासंड, आपला तो धर्म!

गंमत म्हणजे या शब्दाला एक ग्रीक जुळा भाऊ आहे. अशोकाच्या राज्यात कंदाहारकडे ग्रीक बोलणारी प्रजा होती. 1958मध्ये तिथे ग्रीक आणि अरामाइक असा दुभाषी लेख सापडला. त्यात 'धम्म'साठी ग्रीक शब्द योजला आहे 'युसेबेइया', म्हणजे पूज्यभाव. पाच वर्षांनी आणखी एक ग्रीक लेख मिळाला, त्यात बाराव्या आज्ञेचा शेवट होता. तिथे 'पासंड'साठी शब्द आहे 'दियात्रिबे'. तत्त्वज्ञान्यांची शाळा, चर्चेत घालवलेला वेळ, असा त्याचा अर्थ. भाषांतरकार कोणी का असेना, माणूस जाणकार होता. आणि हाच दियात्रिबे आज इंग्रजीत 'डायट्राइब' होऊन बसला आहे, अर्थ : तोंडसुख घेणं, झोडपून काढणं. एका आज्ञेतले दोन शब्द, दोन भाषांतून दोन वाटांनी गेले, आणि दोघांच्याही नशिबी शेवटी भांडणच आलं.

खुद्द अशोकाची पदवीही सुटली नाही. 'देवानांप्रिय', देवांचा लाडका. पाणिनीच्या व्याकरणात निंदेच्या संदर्भात येणारं एक सूत्र आहे. त्याच्या टीकेत कात्यायनाने देवानांप्रिय हा शब्द नोंदवला. पुढे सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत त्याच नोंदीपुढे अर्थ येतो : मूर्ख. हा टोमणा अशोकालाच होता की काय, यावर पंडित भांडत आले आहेत. मला तेवढं धाडस होत नाही. पण ज्या काळात शिळांची लिपी कोणालाच वाचता येत नव्हती, त्या काळात त्या राजाची पदवी पाठशाळेतल्या पोरांना मूर्खाचा समानार्थी शब्द म्हणून पाठ करावी लागे, एवढं खरं.

आपल्याकडच्या शिळेचंही ऐकाच. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा सापडला. आता तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आठवी आज्ञा प्रवासाविषयी आहे : पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रेला जात, मी धर्मयात्रेला जातो. या 'यात्रे'ची मराठीत जत्रा झाली, पाळणे आले, गुडीशेव आली. शब्दाचं भलंच झालं म्हणायचं. त्या धर्मयात्रेत राजा काय करी? ब्राह्मण-श्रमणांना भेटे, दान देई. आणि वडीलधाऱ्यांचं दर्शन घेऊन त्यांना सोनं देई. गिरनारच्या पाठात या वडीलधाऱ्यांसाठी शब्द आहे 'थैर'. संस्कृतातला स्थविर, पालीतला थेर, संघातला ज्येष्ठ भिक्षू. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांच्या नावांत हे थेर आदराने कोरलेले आहेत.

परवा विरार लोकलमध्ये नालासोपाऱ्याला चढलेल्या एका पोराने चौथ्या सीटवरच्या आजोबांना ढोसलं. "ए थेरड्या, सरक ना जरा."

आजोबा सरकले.