‘पडून राहा’ या सल्ल्याचा इतिहास : पालघर ते परळ

१/ पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात कुणाला आतड्याचा किंवा जठराचा कर्करोग निघाला, की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘आता काही करू नकोस, पडून राहा.’ सल्ला मायेचा आहे, परंतु अनादि नाही. तो वैद्यकात कसा प्रतिष्ठित झाला आणि पुढे पुराव्यांनी त्याचे काय केले, याचा मागोवा आजच्या धाग्यात.

२/ आरंभ आपल्याच परिसरातून करू. परळचे टाटा मेमोरिअल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. त्याच विभागाचे तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. तारापूरची वीज आणि परळचे कर्करोग रुग्णालय एकाच खात्याच्या छत्राखाली आली, ती अशी. हा संबंध कारभाराचा आहे, रोगाचा नव्हे.

३/ आजही या पट्ट्यातील अनेक रुग्णांची वाट परळलाच जाते. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. बोईसर ते चर्चगेट हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. गाडीतली गर्दी, पुलाचे जिने, रुग्णालयातील रांगा, आणि तोच प्रवास उलट दिशेने. किमोथेरपीच्या प्रत्येक फेरीत हे सारे शरीराला पेलावे लागते. म्हणून ‘रुग्णात किती दम आहे’ हा प्रश्न येथे केवळ प्रयोगशाळेचा उरत नाही.

४/ आता विश्रांतीकडे. लंडनच्या गायज रुग्णालयातील शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्याने दिली. १८६३ मध्ये त्यांचे पुस्तक झाले आणि ते अनेक पिढ्यांनी अभ्यासले. दुखावलेला अवयव स्थिर ठेवला तर तो भरून येतो, हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. घोटाळा पुढे झाला. अवयवाला लागू पडणारा नियम संपूर्ण देहाला लावला गेला आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडेच्या आठवडे अंथरुणात काढणे हा शिरस्ता बनला.

५/ या शिरस्त्याला शह देणारेही निघाले. १८९९ मध्ये शिकागोचे एमिल रीस यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना लवकर उठवून चालविण्याचा पुरस्कार केला. त्यांचे फारसे कुणी ऐकले नाही. १९४७ मध्ये लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणात पडून राहण्याचे धोके एकेक करून मांडले : पायांत रक्ताच्या गुठळ्या, फुप्फुसांचा संसर्ग, स्नायूंची झीज, हाडांतून कॅल्शियम निघून जाणे, बद्धकोष्ठ, खचलेले मन.

६/ पडून राहण्याची नेमकी किंमत किती? १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे २० वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वार्धक्याने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी होती!

७/ ही क्षमता मोजण्याची विद्या १९२० च्या दशकातली. इंग्लंडचे ए. व्ही. हिल हे पाठीवर हवेची पिशवी बांधलेल्या धावणाऱ्या माणसाचा श्वास गोळा करून त्याचे पृथक्करण करीत. सत्तर वर्षांनंतर हीच कल्पना शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आली. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात पोटाची मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या १८७ वृद्धांची आधी सायकलवर चाचणी घेतली गेली. क्षमता कमी असलेल्या ५५ जणांपैकी १० जण शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराने दगावले. उरलेल्या १३२ जणांपैकी फक्त एक.

८/ पचनसंस्थेच्या कर्करोगात ही बाब विशेष गंभीर ठरते. अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड किंवा आतडे, जेथून शरीराला बळ मिळायचे तेथेच रोग बसलेला असतो. खाणे कमी होते, आतून रक्त जाऊन हिमोग्लोबिन घसरते, स्नायू झिजतात. त्यावर किमोथेरपीचा थकवा. भातलावणीत दिवसभर वाकून काम केलेले, सातपाटीला जाळी ओढलेले किंवा औद्योगिक वसाहतीत रात्रपाळ्या केलेले शरीरही काही आठवड्यांत जिन्याला धापा टाकू लागते.

९/ गुदाशयाच्या कर्करोगात पुष्कळदा आधी रेडिएशन व किमोथेरपी आणि काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया असा क्रम असतो. मधला काळ परंपरेने ‘विश्रांतीचा’. इंग्लंडमधील संशोधकांनी तो काळच तपासला. उपचारांनी क्षमता घटते, हे त्यांनी मोजून दाखविले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, या मधल्या काळात सहा आठवडे देखरेखीखाली सायकल चालविणाऱ्या रुग्णांची क्षमता पूर्ववत झाली. व्यायाम न करणाऱ्यांची झाली नाही.

१०/ शस्त्रक्रियेनंतरचे चित्रही पालटले. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केहलेट यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना आटोक्यात ठेवणे, लवकर खाऊ घालणे आणि लवकर चालविणे यांची सांगड घातली. रुग्णालयातील मुक्काम कितीतरी आटोपशीर झाला. रीस यांचे म्हणणे जवळजवळ शंभर वर्षांनी मार्गी लागले.

११/ आणि अगदी अलीकडचे पान. २००९ मध्ये मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलियात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर एक चाचणी सुरू झाली. शस्त्रक्रिया व किमोथेरपी संपल्यानंतर निम्म्यांना आरोग्यविषयक पुस्तिका मिळाली, तर निम्म्यांना त्यासोबत तीन वर्षे मार्गदर्शकासह व्यायाम. २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले : आठ वर्षांनंतर व्यायाम गटातील ९०.३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ८३.२ टक्के रुग्ण हयात होते. व्यायामाचे स्वरूप? बहुतांशी भरभर चालणे.

१२/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. हा निष्कर्ष एका प्रकारच्या कर्करोगाचा आणि उपचार पूर्ण झालेल्यांचा आहे. तो जठर वा स्वादुपिंडाच्या कर्करोगाला जसाच्या तसा लावणे म्हणजे हिल्टन यांच्या अनुयायांची चूक उलट दिशेने करणे. व्यायाम गटात स्नायू व सांध्यांच्या तक्रारी अधिक होत्या, हेही त्याच अहवालात आहे. ताप, फार कमी हिमोग्लोबिन वा प्लेटलेट, हाडांत पसरलेला रोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पोटावरची स्टोमाची पिशवी, या प्रत्येक स्थितीत काय करावे हे डॉक्टर व फिजिओथेरपिस्टच ठरवतील. व्यायाम हा उपचारांना पर्याय नाही.

१३/ पालघरच्या रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या विद्येतील बराच भाग महागड्या यंत्राविना चालतो. सपाट जागेवर सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, ही चाचणी १९८० च्या दशकापासून रुळलेली आहे. तिला लागते मोजलेली जागा, घड्याळ आणि शिकलेले माणूस. केळव्याचा किंवा चिंचणीचा किनारा, घरचे अंगण, खुर्चीतून उठणे-बसणे, एवढ्यावर पुष्कळांचा आरंभ होऊ शकतो. उणीव असते ती विचारण्याची व सांगण्याची. व्यायामाच्या मार्गदर्शनासाठी दर आठवड्याला १०० किलोमीटर जा, असे या रुग्णाला सांगणे म्हणजे न सांगण्यासारखेच.

१४/ म्हणून घरात कुणी उपचार घेत असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : यांनी रोज किती चालावे? कोणती लक्षणे दिसताच थांबावे? शस्त्रक्रियेपूर्वीच्या आठवड्यांत काय करता येईल? ‘पडून राहा’ म्हणणाऱ्या आजीला दोष देऊ नका. तिने जो सल्ला दिला तो एके काळी लंडनच्या नामांकित रुग्णालयातही दिला जात होता. तिला सोबत घ्या आणि रुग्णासह तिघेही संध्याकाळी थोडे चाला.

धागा समाप्त. शंका व भर प्रतिसादांत अवश्य लिहा.