मेण, मंजिष्ठा आणि आजोबांचं धोतर

दिवाळीत पेठला घरी गेले होते. प्रयोगशाळेपासून सुट्टी, पण हात काही स्वस्थ बसेनात. म्हटलं, बाटिक करून बघू. मधमाश्यांचं मेण गावातच मिळालं. आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा हिरड्याच्या पाण्यात आणि मग तुरटीत भिजवून वाळवला, त्यावर वितळलेल्या मेणाने वेलबुट्टी काढली आणि मंजिष्ठेच्या पाण्यात टाकून पातेलं चुलीवर ठेवलं.

पुढे काय झालं असेल, सांगा बरं? मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. थोड्याच वेळात माझी वेलबुट्टी पाण्यावर तरंगायला लागली आणि कापड सगळं लाल झालं! रसायनशास्त्रात एमएस्सी केलेल्या माणसाने करायची चूक नव्हे ही. आई तर पोट धरून हसली.

पण या फजितीतून एक प्रश्न पडला. मंजिष्ठेचा लाल पक्का चढवायचा तर पाणी चांगलं तापवावं लागतं, आणि मेण तर ताप सोसत नाही. मग जुन्या कापडांवर मेणकाम आणि पक्का लाल एकत्र कसे दिसतात?

उत्तर निळीत आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. कुंडात ती आंबवली की तिचं क्षपण होतं आणि ती विरघळते. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढलं की हवेतल्या ऑक्सिजनने ते डोळ्यांदेखत निळं होतं. हे सगळं कोमट पाण्यात जमतं, म्हणून मेण जागचं हलत नाही. मध्य जावातल्या जुन्या बाटिकमध्येही नीळ आधी आणि तपकिरी 'सोगा' नंतर, पण उकळी कशालाच नाही.

आपल्याकडे कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांचं काम कर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७४२ साली पत्रात लिहून मायदेशी कळवलं. त्या छिटांची रीत अशी: मेण लावायचं ते निळ्यासाठी. लाल उकळायची वेळ येते तेव्हा कापडावर मेण नसतंच. लाल कुठे उठायचा हे तुरटी ठरवते. जिथे तुरटी, तिथेच रंग धरतो. म्हणजे एकाच कापडावर रंग अडवायचे आणि धरायचे दोन वेगळे उपाय, आणि त्यांचा क्रम ठरलेला.

आज शिबिरात मेणावर लाल सहज चढतो, कारण १९५६ साली बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग थंड पाण्यातही सुताला घट्ट धरतात. त्यामुळे हा क्रम आपल्याला दिसतच नाही. मलाही दिसला नसता. 'पारंपरिक कला' म्हणून आपण नुसती नक्षी बघतो, पण त्या रंगाऱ्यांचं खरं ज्ञान आधी काय आणि नंतर काय यात होतं. तापमापी हातात नसताना त्यांनी ते बसवलं होतं.

धोतराचा अर्धा तुकडा अजून शिल्लक आहे. या वेळी आधी लाल, मग मेण, मग नीळ.