मूळ संहिता कोणती? 'सार्क' जनुकाचा इतिहास

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्याला एक प्रश्न कायम सतावतो. हाती आलेली प्रत मूळची की नकलाकाराच्या हातून बिघडलेली? विसाव्या शतकातील जीवशास्त्राला याच जातीच्या एका प्रश्नाला सामोरे जावे लागले. तो 'सार्क' नावाच्या जनुकाविषयी होता आणि त्याचा निर्णय लागण्यास पासष्ट वर्षे गेली.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस या तरुण संशोधकाकडे अंगावर मोठी गाठ असलेली एक कोंबडी आणण्यात आली. राउस यांनी त्या गाठीचा अर्क पेशी आणि जिवाणू अडकून राहतील अशा सूक्ष्म गाळणीतून गाळला आणि तो निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तसाच 'सार्कोमा' झाला. गाळणीतून निसटणारा हा घटक म्हणजे विषाणू. १९११ साली प्रसिद्ध झालेला हा शोध पुढे कित्येक दशके दुर्लक्षित राहिला. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.

या शोधातून कर्करोगाची एक प्रतिमा बळावत गेली: रोग बाहेरून येतो, शत्रू परका असतो. १९७१ साली अमेरिकेत राष्ट्रीय कर्करोग कायदा झाला, तेव्हा सार्वजनिक भाषाही युद्धाचीच होती. युद्ध म्हटले की सीमा आली आणि सीमेपलीकडचा शत्रूही आला.

दरम्यान विषाणूच्या अभ्यासकांना एक विसंगती जाणवू लागली होती. १९७०च्या सुमारास स्टीव्हन मार्टिन, पीटर व्होग्ट आदींच्या प्रयोगांतून असे दिसले की, पेशीला कर्करोगाकडे नेण्याचे काम विषाणूतील एकच जनुक करते. मात्र स्वतःची वाढ करण्यासाठी विषाणूला या जनुकाची गरज नसते. मग ज्याचा स्वतःला उपयोग नाही असा मजकूर तो का बाळगतो? तो त्याने कोठून तरी उतरवून घेतला असेल काय?

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी हा प्रश्न हाती घेतला. व्हार्मस मूळचे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी १९६२ साली त्यांनी हार्वर्डमधून त्या विषयात एम.ए. केले होते. डॉमिनिक स्टेहेलिन आणि व्होग्ट यांच्यासह त्यांनी विषाणूतील जनुकाशी जुळणारा मजकूर निरोगी पक्ष्यांच्या डीएनएत शोधला. तो कोंबडीत सापडला आणि नात्याने दूरच्या पक्ष्यांतही सापडला. नाते जितके दूरचे, तितके पाठभेद अधिक. १९७६ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे माणसासह इतर प्राण्यांतही हे जनुक आढळले. निष्कर्ष उघड होता. मूळ संहिता पेशीची होती आणि विषाणूजवळ होती ती उचललेली, बिघडलेली नक्कल.

हे जनुक करते काय? १९७८ साली मार्क कोलेट आणि रेमंड एरिक्सन यांनी दाखवले की, त्यातून घडणारे प्रथिन हे कायनेज जातीचे विकर आहे. ते दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा कण चढवते आणि त्यांचे वर्तन बदलते. पुढच्याच वर्षी टोनी हंटर यांच्या हाती एक रसायन आले. ते शिळे झाल्याने त्याची आम्लता वाढली होती आणि त्यामुळेच फॉस्फेट टायरोसिनवर चढतो हे वेगळे ओळखता आले. मानवी 'सार्क' जनुक विसाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचे प्रथिन ५३६ अमिनो आम्लांचे आहे. त्याच्या शेपटाकडील एका टायरोसिनवर फॉस्फेट बसला की प्रथिन मिटून शांत राहते. विषाणूच्या नकलेत नेमका हा शेवट गळालेला आहे. ज्या संहितेचे भरतवाक्यच हरवले, ती थांबणार कशी?

शत्रू घरातलाच निघाला, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. १९९१ साली 'सार्क' जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांची हाडे अतोनात दाट झाली, कारण हाड झिजवून नव्याने घडवू देणाऱ्या पेशी आपले काम करीनाशा झाल्या. रोगाच्या नावाने ओळखले गेलेले हे जनुक देहाच्या रोजच्या व्यवहारातील कामकरी आहे. २००६ साली मान्यता मिळालेले डासाटिनिबसारखे औषध 'सार्क' आणि त्याच्या सगोत्र प्रथिनांचे काम रोखते, तेव्हा ते आपल्याच यंत्रणेला आवर घालत असते. म्हणून मात्रा आणि मर्यादा यांचा विचार येथे अटळ ठरतो.

या इतिहासातील एक विरोधाभास विसरता येत नाही. १९६६च्या नोबेल व्याख्यानात राउस यांनी पेशींच्या जनुकांत होणाऱ्या बदलांमुळे कर्करोग होतो हे मत ठामपणे नाकारले होते. त्यांच्याच विषाणूने दहा वर्षांनी या मताला बळ दिले. बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ साली नोबेल मिळाले. त्या वेळच्या मेजवानीतील भाषणात व्हार्मस यांनी 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्यातील ग्रेंडेल या राक्षसाची आठवण काढली. कर्कपेशीचा वध आपण केलेला नाही, तिचे रूप फक्त अधिक स्पष्ट पाहिले आहे आणि ते आपल्याच निरोगी रूपाचे विकृत प्रतिबिंब आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. साहित्याच्या अभ्यासाने त्यांना शास्त्रज्ञ केले असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. पण आपल्या शोधाचा अर्थ सांगताना युद्धाच्या रूपकातला विजय त्यांनी नाकारला आणि अधिक नेमके रूपक निवडले. रुग्णाला आपल्या आजाराविषयी कोणत्या भाषेत सांगावे, हा प्रश्न आजही उरतो. आणि तो केवळ वैद्यांचा नाही.