विखार

विखार : विष तसेच साप, विंचू इ. विषारी प्राणी ह्यांचा वाचक मराठी शब्द. संस्कृत ‘विष’ पासून तो आला, हे उघड आहे. विचार करावयाचा तो ‘ख’ चा. प्राकृतात ‘विष’ चे ‘विस’ झाले. तेव्हा ‘विखार’ हा शब्द प्राकृताच्या वाटेने आलेला नसून ‘ष’ चा उच्चार ‘ख’ असा करण्याच्या परंपरेतून आला, असे मानणे युक्त होय. माध्यंदिन शाखेच्या वेदपठनात हा उच्चार आढळतो. हर्ष–हरिख, दोष–दोख ही जुन्या मराठीतील रूपेही ह्याच वळणाची आहेत. विष–विख, तसेच विषार–विखार. ‘विषारी’ म्हणजे विषयुक्त. संस्कृत ‘विषारि’ (विष + अरि) मात्र विषाचा शत्रू. केवळ एका वेलांटीने अर्थ उलटतो, हे जुने वैद्यकग्रंथ वाचताना ध्यानी ठेवावे लागते.

मूळ ‘विष्’ धातूचा अर्थ व्यापणे असा आहे. संस्कृतात ‘विष’ म्हणजे पाणीही. लॅटिन ‘व्हायरस’ हा ह्याच कुळातील असून त्याचाही जुना अर्थ विष असाच होता. त्यामुळे ‘विषाणू’ हा मराठी पर्याय व्युत्पत्तीलाही धरून आहे. आयुर्वेदाने वेगळी उपपत्ती दिली : जे विषाद उत्पन्न करते ते विष. भाषाशास्त्रदृष्ट्या ती टिकत नाही. पण दंश झालेल्याची म्लान अवस्था तीत नेमकी आली आहे. वनस्पती व खनिजे ह्यांतील ते स्थावर आणि प्राण्यांतील ते जंगम, असे दोन भेद करून त्यांच्या चिकित्सेस अगदतंत्र हे स्वतंत्र अंग दिले गेले. अमरकोशात काकोल, कालकूट, हलाहल, वत्सनाभ इ. नऊ विषे सांगितली आहेत. वत्सनाभ म्हणजेच मराठीतील बचनाग. महाराष्ट्रात काही ठिकाणी कळलावीलाही बचनाग म्हणतात. दोन्ही विषारी असली, तरी त्यांची कुळे भिन्न आहेत.

चरकसंहितेत विषाची उत्पत्ती समुद्रमंथनाशी जोडलेली आहे : अमृताच्या आधी ते प्रकटले. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील स्थलकथा ह्याच मंथनाची, परंतु उत्तरार्धाची आहे. दानवांपासून रक्षण करण्यासाठी विष्णूने अमृत व धन्वंतरी ह्यांना तेथील शिवलिंगात लपविले, अशी ती कथा असून ‘वैद्यनाथ’ हे नाव तिच्याशी जोडले जाते. बिहारच्या बाजूचे, आता झारखंडात असलेले देवघरही ह्याच नावाच्या ज्योतिर्लिंगावर हक्क सांगते. परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला.

आजच्या मराठीत ‘विखार’ चा प्राणिवाचक अर्थ मागे पडला असून विखारी नजर, विखारी टीका अशा प्रयोगांतच तो मुख्यत्वे आढळतो.