खडकी छावणी, महापालिका आणि मधले रुग्णालय

जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने शिवाजीनगरहून निघून हॅरिस पुलावरून दापोडीत उतरणारा प्रवासी थोडक्या अंतरात तीन स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हद्दींतून जातो. आधी पुणे महापालिका, मग खडकी कटक मंडळ, बोपोडीत पुन्हा महापालिका आणि नदीपलीकडे पिंपरी-चिंचवड. रस्त्याचा पोत बदलला तरच या सीमा त्याच्या लक्षात येतात. त्याच टापूत आजारी पडणाऱ्या गरीब माणसाला मात्र त्या लगेच जाणवतात. बोपोडीतील कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असेल, तर महापालिकेची शहरी गरीब वैद्यकीय साहाय्य योजना त्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार उचलते. खडकी बाजारातील तेवढ्याच गरीब कुटुंबाला ती मिळत नाही, कारण ते पुणेकर असले तरी महापालिकेचे रहिवासी नाही.

छावणीचा नागरी भाग कटक मंडळातून काढून महापालिकेत विलीन करण्याच्या प्रस्तावाची चर्चा गेली काही वर्षे सुरू आहे. तिचा भर रस्ते, पाणी, चटई क्षेत्र निर्देशांक आणि रखडलेली बांधकामे यांवर असतो. जुन्या घराची भिंत बांधायलाही परवानगीसाठी खेटे घालावे लागणाऱ्या खडकीकरांना हे विषय जिव्हाळ्याचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या स्थित्यंतराची खरी कसोटी कटक मंडळाचे रुग्णालय आणि मंडळाचे कर्मचारी या दोन ठिकाणी लागणार आहे आणि चर्चेत नेमके हेच दोन विषय मागे पडले आहेत.

प्रश्न केवळ हद्दवाढीचा नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत छावण्यांची हद्द ठरवणे व तेथील स्थानिक शासन हे विषय केंद्र सूचीत तिसऱ्या क्रमांकावर आहेत. अन्य स्थानिक संस्था आणि सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे राज्य सूचीतील अनुक्रमे पाचवे व सहावे विषय होत. एखाद्या गावाचा महापालिकेत समावेश होतो तेव्हा सारे बदल राज्याच्या छत्राखालीच घडतात. छावणीचा नागरी भाग विलीन होतो तेव्हा वस्ती, तिचे दवाखाने आणि तेथील नोकरवर्ग केंद्राच्या व्यवस्थेतून बाहेर पडून राज्याच्या व्यवस्थेत येतात. एकाच देशात घडणारे हे एका शासनातून दुसऱ्या शासनात होणारे स्थलांतर आहे. घरदार जागचे हलत नाही, एवढाच काय तो फरक.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर पेशव्यांची व ईस्ट इंडिया कंपनीची लढाई झाली आणि त्यानंतर येथे इंग्रजांची छावणी वसली. फौजेच्या आधाराने बाजार उभा राहिला. १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना आला, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आले. लष्कराच्या सोयीसाठी वसलेली नागरी वस्ती पुढे लष्कराहून वेगळ्या गरजा असलेले शहर बनली. कायदा मात्र छावणीचाच राहिला. १९२४ च्या कायद्याची जागा २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने घेतली. सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने चालवणे हे त्याने मंडळाच्या कर्तव्यांत गणले. खडकीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आणि पुणे छावणीतील सरदार वल्लभभाई पटेल रुग्णालय ही त्याच कर्तव्याची दृश्य रूपे. सैनिकांसाठीचे लष्करी रुग्णालय याहून वेगळे. बाजारातल्या दुकानदाराला वा मोलकरणीला तेथे दाराशीही उभे राहता येत नाही.

महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि कामठी अशी सात कटक मंडळे. देशात त्यांची संख्या ६२ होती. २७ एप्रिल २०२३ रोजी हिमाचल प्रदेशातील योल छावणीचे अस्तित्व संपवण्यात आले. लष्करी भाग केवळ लष्करी ठाणे म्हणून ठेवायचा आणि नागरी भाग शेजारच्या स्थानिक संस्थेकडे द्यायचा, हे संरक्षण मंत्रालयाचे धोरण तेव्हापासून उघड झाले. मार्च २०२४ मध्ये देवळालीसह दहा छावण्यांबाबत मसुदा अधिसूचना निघाल्या. या पहिल्या यादीत खडकीचे नाव नव्हते. पाठोपाठ मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नागरी सुविधांसाठी असलेल्या मालमत्ता राज्य शासनास वा स्थानिक संस्थेस विनामूल्य द्याव्यात, मंडळाची येणी-देणीही त्यांच्याकडे जावीत आणि जेथे लागू असेल तेथे जमिनीची मालकी केंद्राकडेच राहावी, असा त्यांचा आशय आहे.

या वाक्यातील शेवटचा भाग रुग्णालयाच्या दृष्टीने कळीचा आहे. छावणीतील जमिनींचे अ, ब, क असे वर्ग असून त्यांच्या नोंदी संरक्षण संपदा विभाग आणि मंडळ यांच्याकडे असतात. इमारत महापालिकेची, खाटा महापालिकेच्या आणि जमीन मात्र केंद्राची, अशी विभागणी झाल्यास नवा मजला चढवताना किंवा अतिदक्षता विभागासाठी जोडइमारत बांधताना कोणाची संमती लागेल, हे हस्तांतराच्या दस्तऐवजातच लिहावे लागेल. तेथे राहिलेली फट पुढे न्यायालयात भरून निघते आणि तोवर रुग्ण जिन्याखाली झोपतात.

दुसरी बाजू पैशांची. कटक मंडळांना एकेकाळी जकातीचा भक्कम आधार होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा महापालिकांना राज्याने भरपाई देण्याचा कायदा केला. कटक मंडळे केंद्राच्या अखत्यारीतील असल्याने त्या व्यवस्थेत त्यांना स्थान मिळाले नाही. केंद्राकडून मिळावयाचा सेवा कर वर्षानुवर्षे थकत गेला. राज्य म्हणते केंद्राकडे जा, केंद्र म्हणते उत्पन्न वाढवा. या टोलवाटोलवीत मंडळाच्या अंदाजपत्रकातील मोठा वाटा वेतन व निवृत्तिवेतनावरच संपू लागला. अशा स्थितीत तज्ज्ञ डॉक्टर नेमणे किंवा यंत्रसामग्री घेणे अवघड होते. छावणीत राहण्याचे लाभ मोजणाऱ्यांनी ही बाजू दृष्टिआड करू नये.

म्हणून विलीनीकरणाने आरोग्यसेवा आपोआप सुधारेल, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. महापालिकेकडे कमला नेहरू रुग्णालय, नायडू सांसर्गिक रोग रुग्णालय, येरवड्यातील राजीव गांधी रुग्णालय आणि प्रसूतिगृहांचे जाळे आहे. २०२२ मध्ये तिचे वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. खडकीला लागून असलेल्या बोपोडीत तिचे खेडेकर रुग्णालय आहे. मात्र आरोग्य खात्यातील रिक्त पदे ही पुणे महापालिकेची जुनीच दुखणी आहेत. हाकेच्या अंतरावर स्वतःचे रुग्णालय असताना खडकीचे सर्वसाधारण रुग्णालय त्याच दर्जाने चालवायचे, की त्याचे बाह्यरुग्ण विभाग व प्रसूतिगृह करून टाकायचे, असा विचार उद्या एखाद्या प्रशासकाच्या मनात आला तर तो कागदावर तर्कशुद्धच दिसेल. गंभीर रुग्ण मग औंधच्या जिल्हा रुग्णालयाकडे किंवा ससूनकडे पाठवले जातील. गर्भवतीला वा वृद्धाला रात्री अडीच वाजता हा तर्क कितपत पटेल, हा भाग वेगळा.

कर्मचाऱ्यांची स्थिती अधिक नाजूक आहे. कटक मंडळाचे परिचारक, औषधनिर्माते, शिक्षक, पाणीपुरवठ्याचे कामगार आणि सफाई कामगार हे केंद्राच्या कायद्याखाली काम करीत असले, तरी ते केंद्र सरकारचे थेट नोकर नव्हेत. त्यांचे वेतन आणि निवृत्तिवेतन कॅन्टोन्मेंट निधीतून दिले जाते. छावणीच संपली तर हा निधी कोणाकडे जातो, याची तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. तो नव्या स्थानिक संस्थेकडे जातो. त्यातून प्रथम मंडळाची देणी भागवायची आणि नंतर उरलेले त्या भागातील रहिवाशांच्या हितासाठी वापरायचे, असा क्रम कायद्याने लावून दिला आहे. निवृत्तांचे वेतन हे देणेच असल्याने त्यांची बाजू कायद्यात भक्कम दिसते. परंतु निधीत खडखडाट असेल तर हा क्रम कोरडाच राहतो आणि भार महापालिकेच्या तिजोरीवर पडतो. त्यामुळे महापालिका असे देणे स्वीकारण्यापूर्वी राज्याकडे हात पसरणार, हे उघड आहे.

सेवेत असलेल्यांपुढे प्रश्न ज्येष्ठतेचा आहे. मंडळात वीस वर्षे काढलेली परिचारिका महापालिकेच्या सेवायादीत कोठे बसणार? विलीनीकरणाच्या दिवसापासून तिची सेवा मोजली गेली, तर कालपरवा लागलेल्या सहकारी तिच्या वरिष्ठ ठरतील. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना व निवृत्तांना अंशदायी वैद्यकीय साहाय्य योजनेतून रुग्णालयाच्या देयकाचा मोठा हिस्सा मिळतो. त्या योजनेत नव्याने येणाऱ्यांना कोणत्या तारखेपासून घेणार? सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याबाबत लाड-पागे समितीच्या शिफारशी राज्यातील नागरी संस्थांना लागू आहेत. मंडळाच्या सफाई कामगारांच्या घरांत याबाबत मोठी आशा निर्माण होणार, हे ओळखून आदेशात स्पष्टता हवी. कंत्राटी कामगारांचा तर कोणत्याच यादीत समावेश नसतो. कंत्राट संपले की त्यांचे नातेही संपते.

या शंका हवेतल्या नाहीत. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्या वेळी ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांचे समावेशन कागदपत्रांच्या पडताळणीत दीर्घकाळ अडकले. विलीनीकरणाच्या तोंडावर काही ठिकाणी झालेल्या संशयास्पद नोकरभरतीची चौकशी करावी लागली आणि तिचा जाच प्रामाणिकपणे वर्षानुवर्षे राबलेल्यांनाही सोसावा लागला. उलट दिशेचा प्रवासही पुण्याने पाहिला आहे. करांच्या ओझ्याने व सुविधांच्या अभावाने कंटाळलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०२४ मध्ये महापालिकेतून बाहेर पडली आणि त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. एकत्र येणे असो वा वेगळे होणे, ठराव एका बैठकीत होतो आणि हिशेब अनेक वर्षे चालतो.

खडकीला तर याचा अनुभव घराशेजारीच आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्राने आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले. खडकीचा दारूगोळा कारखाना आणि उच्च स्फोटक कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. कामगारांना सुरुवातीस दोन वर्षांसाठी मानीव प्रतिनियुक्तीवर पाठवण्यात आले. म्हणजे नोकरी केंद्राची, काम कंपनीचे. ही मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. सरकारी कर्मचारी हा दर्जा, निवृत्तिवेतन आणि कारखान्याच्या रुग्णालयातील उपचार यांचे पुढे काय, या काळजीने कामगार संघटना न्यायालयापर्यंत गेल्या. ज्यांच्या घरातील एक जण कारखान्यात आणि दुसरा कटक मंडळात आहे, अशा कुटुंबांना ‘सेवाशर्तींना धक्का लागणार नाही’ या वाक्याचे वजन नेमके किती, हे सांगावे लागत नाही.

मोठ्या राजकीय संघातून बाहेर पडताना रुग्णालयांवर काय ओढवते, याचे अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनचे. २३ जून २०१६ च्या सार्वमतापूर्वी, युरोपीय संघाला आठवड्याला जाणारे ३५ कोटी पौंड राष्ट्रीय आरोग्य सेवेला देता येतील, असे बसगाड्यांवर रंगवून सांगण्यात आले. प्रत्यक्षात पहिला परिणाम दिसला तो मनुष्यबळावर. युरोपातून येऊन तेथील नोंदणीपुस्तकात प्रथमच नाव घालणाऱ्या परिचारिका व सुईणींची संख्या २०१५-१६ मध्ये नऊ हजारांहून अधिक होती. ती २०१७-१८ मध्ये ८०५ वर आली. याच सुमारास लागू झालेली इंग्रजीची कडक परीक्षा हेही त्याचे एक कारण होते. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला, त्याच वर्षी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढावा लागला आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी भारत, फिलिपिन्स व नायजेरियातून परिचारिका नेण्यात आल्या. खडकीचा आवाका याच्या पासंगालाही पुरणारा नाही. तरीही सार्वमताआधी पैशांची चर्चा झाली आणि माणसांची राहून गेली, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

आता ही चर्चा खडकीकरांच्या वतीने कोणी करायची, हाही प्रश्नच आहे. मंडळाची शेवटची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. आठ निर्वाचित सदस्यांची मुदत २०२० मध्ये संपली, दोनदा वाढवली गेली आणि फेब्रुवारी २०२१ नंतर कारभार लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व एक नामनिर्देशित नागरी सदस्य अशा तिघांकडे गेला. ३० एप्रिल २०२३ रोजी ठरलेले मतदान मार्चमध्येच रद्द करण्यात आले. पलीकडे पुणे महापालिकेतही मार्च २०२२ पासून दीर्घकाळ प्रशासकच होता. अशा वेळी कायद्याने रहिवाशांच्या हाती ठेवलेले साधन एकच उरते. छावणीची हद्द बदलण्याचा इरादा केंद्राने अधिसूचनेद्वारे जाहीर केला की, कोणाही रहिवाशाला ठरावीक मुदतीत लष्कराच्या संबंधित कमांडच्या प्रमुखांमार्फत केंद्र सरकारकडे लेखी हरकत पाठवता येते. रुग्णालयाच्या खाटांची संख्या व तज्ज्ञांची पदे कमी होऊ नयेत, शहरी गरीब योजना पहिल्या दिवसापासून लागू व्हावी, कर्मचाऱ्यांची सेवा मूळ नेमणुकीपासून मोजावी आणि निवृत्तिवेतनाचा भार कोण उचलणार ते आदेशातच नमूद व्हावे, या मागण्या नोंदवण्याची जागा तीच. मुदत उलटल्यावर त्या मांडायच्या तर प्रथम कोणत्या कार्यालयात जायचे, येथूनच सुरुवात करावी लागेल.