सापगावचा मुलूख : शहापूर आणि मुरबाड

भातसा नदीकाठचे सापगाव शहापूर तालुक्यात मोडते. शहापूरचे जुने नाव कोळवण. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली आणि कुणबी ही येथील मुख्य वस्ती.

1985च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने संपूर्ण शहापूर आदिवासींसाठीच्या अनुसूचित क्षेत्रात आले, शेजारच्या मुरबाड तालुक्याचा मात्र काही भागच. परिणामी अनुसूचित क्षेत्रापुरत्याच लागू असलेल्या 1996च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मिळालेले अधिकार मुरबाडमध्ये एका गावाला आहेत, दुसऱ्याला नाहीत. हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातले. 2011मध्ये ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. 1 ऑगस्ट 2014 रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्यात सात तालुके उरले. त्यांत शहापूर-मुरबाडच प्रामुख्याने ग्रामीण आहेत. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, भातसा ही धरणे शहापुरातच आहेत. तरीही उन्हाळ्यात येथील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हा अन्याय आहे.