सहरुग्ण गट : पूर्णेच्या गोदामवस्तीसंदर्भात विवेचन

एचआयव्हीवरील एकाच औषधोपचारावर असलेल्या व्यक्तींनी स्वेच्छेने स्थापलेला आणि परस्परांच्या औषधसातत्याची जबाबदारी घेणारा लहान समूह म्हणजे सहरुग्ण गट. समुपदेशकाने भरवलेली बैठक या व्याख्येत बसत नाही. तेथे जबाबदारी संस्थेकडेच राहते.

गटाची कार्ये दोन : (१) औषधवहन, (२) सातत्यरक्षण. पहिल्याचे प्रसिद्ध उदाहरण मोझांबिकच्या तेते प्रांतातील. २००८ पासून तेथे शेजारी राहणाऱ्या सहा जणांपर्यंतचे गट बनले. दरमहा पाळीने एक सदस्य आरोग्य केंद्रात जाऊन सर्वांच्या गोळ्या आणी व त्याच फेरीत स्वतःची तपासणी करून घेई. दुसऱ्या कार्यामागील तत्त्व महाराष्ट्राला परिचित आहे. सांगलीच्या ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांकडेच प्रतिबंधाचे काम सोपवले. क्षेत्र निराळे असले तरी तत्त्व एकच : ज्याची अडचण, तोच मार्गदर्शक.

आता अडचणीचे स्वरूप पाहू. भारतात सरकारी मोफत एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, तेव्हा प्रश्न उपलब्धतेचा होता. पुढे तो पात्रतेचा झाला. २०१७ मध्ये निदान होताच उपचार हे धोरण आले आणि तोही सुटला. उरला तो सातत्याचा. ठाणे-भिवंडी रस्त्यावरील पूर्णेसारख्या गोदामवस्तीत तो विशेष बिकट आहे. एआरटी केंद्राची वेळ आणि गोदामात गाडी भरण्याची वेळ एकच. गोळ्या आणायच्या तर खाडा पडतो, हमालाची त्या दिवसाची मजुरी जाते. शिवाय सणाला किंवा शेतीला गावी गेलेला कामगार ठरल्या दिवशी परततोच असे नाही. औषधात खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारा होण्याचा धोका उद्भवतो.

औषधवहनाने खाडा वाचेल. परंतु तेते येथील शेजाराचे सूत्र पूर्णेत जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. येथे एका खोलीत बहुधा एकाच गावची माणसे राहतात. खोलीत फुटलेली गोष्ट गावी पोहोचायला एक फोन पुरतो. संमतीविना एचआयव्ही-स्थिती उघड करण्यास २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा मनाई करतो, पण कुजबुज कायद्याला जुमानत नाही. याच भीतीने, तीस गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते म्हणून, गोळ्या कागदाच्या पुडीत बांधल्या जातात. मग औषधाचे नाव, मुदत आणि उरलेल्यांची मोजदाद, तिन्ही हरपतात. हे सहरुग्णाच्या चटकन लक्षात येते, कारण पुडी त्यानेही बांधलेली असते.

यावरून गटरचनेचे निकष निघतात. सदस्य वेगवेगळ्या खोल्यांतले, शक्यतो वेगवेगळ्या मुकादमांच्या हाताखालचे असावेत. सुट्टीचा वार मात्र एक असावा. गावी जाणाऱ्याने निघण्यापूर्वी गटाला कळवावे, म्हणजे वाढीव गोळ्यांची किंवा गावाजवळच्या केंद्रात बदलीची विचारणा वेळेत होईल. नव्याने उपचार सुरू झालेला, क्षयाची लक्षणे असलेला किंवा रक्तातील विषाणू आटोक्यात नसलेला रुग्ण औषधवहनाच्या पाळीत घेऊ नये. त्याला प्रत्येक वेळी डॉक्टरांसमोरच जावे लागेल.